तांब्यावरचं नाव

तांब्या तसा साधाच. कसबा पेठेतल्या तांबट आळीतून आणलेला, मठारकामाचा, दीडेक लिटर पाणी मावेल एवढा. पण गेल्या नऊ वर्षांत त्यात कुणी पाण्याचा थेंब भरलेला नाही. रुखवतातल्या भांड्यांवर असतात तशी त्याच्या पोटावर टिंबाटिंबांनी नावं घातलेली आहेत. ‘२०१६ सर १९८’. त्याखाली ‘२०१७ डॉ. २१२’, मग ‘२०१८ डॉ. ३१२’, ‘२०१९ सर २१९’ आणि मध्येच ‘२०२० ताई ७१’. ही एवढी घसरगुंडी कशी, असं नवखा माणूस हमखास विचारतो आणि उत्तर द्यायला तिघंही एकदम तोंड उघडतात.

तिघांची नावं छापायची नाहीत, या अटीवरच त्यांनी मला वर्षभर सोबत हिंडू दिलं. सर हडपसरचे, भूगोलाचे निवृत्त शिक्षक, वय अडुसष्ट. डॉक्टर दातांचे, कोथरूडला दवाखाना आणि नववीत सरांच्याच वर्गात बसलेले. त्यामुळे पन्नाशी उलटली तरी सर त्यांना ‘अरे’ म्हणतात आणि ते सरांना ‘अहो’. ताई बँकेत आहेत, पाषाण तलावाजवळ राहतात. तिघांमध्ये सर्वांत कमी बोलतात आणि सर्वांत लांबचा पक्षी त्यांनाच आधी दिसतो.

हे तिघं दरवर्षी एक खेळ खेळतात. १ जानेवारीच्या पहाटे यादी कोरी करायची, ३१ डिसेंबरच्या रात्रीपर्यंत जितक्या जातींचे पक्षी दिसतील तितके नोंदवायचे आणि ज्याची यादी मोठी त्याच्या घरी वर्षभर तांब्या. हरलेल्या दोघांनी मिसळ खिलवायची. बक्षीस एवढंच. त्यासाठी सर सत्तरीच्या उंबरठ्यावर पहाटे साडेचारला स्कूटरला किक मारतात आणि डॉक्टर रविवारच्या अपॉइंटमेंट घेत नाहीत.

आयुष्यभराची यादी ठेवणारे पुष्कळ असतात. त्यांच्या भाषेत नव्यानं दिसलेल्या जातीला ‘लायफर’ म्हणतात. लायफर मिळाला की पार्टी. पण आयुष्याच्या यादीत एक खोट आहे, असं सरांचं म्हणणं. एकदा कावळा लिहिला की कावळ्याशी संबंध संपला. वर्षाच्या यादीत तसं होत नाही. ३१ डिसेंबरला ज्याच्याकडे आपण ढुंकून पाहत नव्हतो, तो कावळा दुसऱ्या दिवशी उजाडताना पुन्हा पक्षी होतो. साळुंकी, होला, बुलबुल, शिंपी, दयाळ, सगळे पुन्हा नवे. पहिल्या दिवशी तिघं मिळून कवडीपाटला जातात. सोलापूर रस्त्यावर लोणीच्या अलीकडे मुळा-मुठेवर जुना बंधारा आहे. पुण्यानं नदीत टाकलेलं सगळं तिथं येऊन अडतं. फेस, थर्मोकोल, निर्माल्य, चपला. वास नाकात दिवसभर बसतो. आणि त्या घाणीतच चक्रवाकांची केशरी जोडी ऐटीत उभी असते. शेकाट्या, तुतवार, धोबी, नदीसुरय, राखी बगळा... तासाभरात पन्नाशी पार होते. पक्षी स्वच्छतेचे भोक्ते असतात, ही माझी समजूत पहिल्याच सकाळी गेली.

सरांची यादी वहीत असते. दोनशेपानी, लाल पाठीची, मराठी नावांची. त्यांची नावं बहुतेक मारुती चितमपल्लींच्या ‘पक्षिकोशा’तून आलेली. २०२५ च्या जूनमध्ये चितमपल्ली गेले, त्या आठवड्यात सरांनी वहीत एकही नोंद केली नाही. मी कारण विचारलं नाही. पाच नोव्हेंबर हा चितमपल्लींचा जन्मदिवस, बारा नोव्हेंबर सालिम अलींचा. त्या दोन तारखांमधला आठवडा आपल्याकडे सरकारनं २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून जाहीर केलेला आहे. डॉक्टरांची यादी फोनमध्ये, ‘ई-बर्ड’ नावाच्या ॲपवर. अमेरिकेतल्या कॉर्नेलच्या पक्षी प्रयोगशाळेनं ते २००२ साली सुरू केलं आणि आता जगभरचे लोक त्यात नोंदी टाकतात. ताई दोन्हीकडे लिहितात. त्यामुळे सरांच्या ‘कापशी’ला डॉक्टर काय म्हणतात आणि डॉक्टरांच्या ‘सँड प्लोव्हर’ला वहीत काय म्हणायचं, हा दुभाषाचा व्यवहार त्यांच्याकडे.

ॲपची एक गंमत अशी, की तिथं बसल्याजागी यादी हलते. शास्त्रज्ञ दरवर्षी जातींचा हिशेब नव्यानं मांडतात. कधी एका जातीच्या दोन होतात, कधी दोहोंची एक. आपलं साधं गव्हाणी घुबडसुद्धा अलीकडे कागदोपत्री बदललं. जगभर एकच मानलेल्या घुबडाच्या तीन जाती केल्या आणि आपल्या वाट्याला पूर्वेकडचं आलं. घुबडाला पत्ता नाही. सर म्हणतात, “सात-बारा बदलला, जमीन तिथंच आहे.”

नियमांचा इतिहास हा या मैत्रीचा खरा इतिहास आहे. पहिल्या वर्षी सरांनी ठरवलं होतं, की नुसता ऐकलेला पक्षी अर्धा धरायचा. दिसला की पुरा. शाळामास्तरी हिशेब. पावशा ‘पेर्ते व्हा’ म्हणून ओरडत असतो आणि झाडात काही केल्या दिसत नाही, तेव्हा त्याचे अर्धे गुण. त्या वर्षीच्या वहीत साडेअकरा, साडेबत्तीस असे आकडे आहेत. डॉक्टरांनी हा नियम मोडीत काढला. जगात कुठंही अर्धा पक्षी नसतो, हा त्यांचा युक्तिवाद. आवाज ओळखता आला तर पक्षी पूर्ण धरायचा, असं ठरलं.

पुढं फोनमध्ये ‘मर्लिन’ आलं. हे ॲप आवाज ऐकतं आणि नाव सांगतं. मग नवा तंटा. डॉक्टरांनी सिंहगडाच्या पायथ्याला एका सकाळी चार वटवटे एकदम मिळवले. वटवटे म्हणजे हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे, सगळे एका रंगाचे, पानाआड फडफडणारे इवलेसे पक्षी. त्यांना ओळखताना भल्याभल्यांचा घाम निघतो. ताईंनी एकच प्रश्न विचारला, “फोननं ऐकले, की तुम्ही?” डॉक्टरांनी चारातले तीन खोडले. तेव्हापासून मर्लिनला ‘बातमीदार’ म्हणतात. बातमीदारानं खबर द्यायची, पंचनामा आपण करायचा. रेकॉर्ड केलेला आवाज लावून पक्ष्याला बोलवायचं नाही, घरट्याजवळ जायचं नाही आणि घुबडाची जागा कुणाला सांगायची नाही, हे तीन नियम मात्र पहिल्या दिवसापासून आहेत. त्यांवर कधी वाद झालेला नाही.

२०१८ चा तो ३१२ चा आकडा हा डॉक्टरांच्या आयुष्यातला डाग आहे. तेव्हा हद्द अख्खा महाराष्ट्र होती. साडेपाचशेहून अधिक जातींची नोंद असलेलं राज्य. दवाखाना बरा चालला होता. डॉक्टर नांदूर मध्यमेश्वरला गेले, उरणला गेले, मेळघाटात राहिले, आंबोलीच्या धुक्यात भिजले. डिसेंबरात सारस राहिला म्हणून कोल्हापूरहून सुटणारी महाराष्ट्र एक्सप्रेस त्यांनी पुण्यात पकडली आणि तिचं शेवटचं स्टेशन येईपर्यंत उतरले नाहीत. ते स्टेशन गोंदिया. महाराष्ट्रात सारस क्रौंच बघायचा तर भाताच्या खाचरांचा तो कोपराच गाठावा लागतो, दुसरीकडे तो जवळजवळ उरलेला नाही. धुक्यातून माणसाएवढ्या उंचीची जोडी समोर आली, तेव्हा आपण रडलो, असं डॉक्टर सांगतात. परत आल्यावर सर म्हणाले, “अरे, हा पक्ष्यांचा आकडा नाही. तिकिटांचा आहे.”

दोन महिने तिघं एकत्र बाहेर पडले नाहीत. मग ताईंनी तोडगा काढला. हद्द पुणे जिल्हा. त्यात घाटमाथा आहे, माळ आहे, उजनीचं पाणी आहे, भीमाशंकरचं जंगल आहे. आणि सरांच्या पेन्शनला परवडेल असा हा जिल्हा आहे, हे कुणी बोललं नाही. वर्षभरानं टाळेबंदी आली तेव्हा हद्द अजून आवळली, आपापल्या घराच्या खिडकी-गच्चीपर्यंत. आधीच्या नोंदी रद्द. तळ्याकाठी घर असलेल्या ताईंनी गच्चीवर कपडे वाळत घालता घालता ७१ जाती मोजल्या आणि तांब्या नेला. हे त्या घसरगुंडीचं उत्तर.

जिल्ह्याची हद्द ठरवणं सोपं, पाळणं अवघड. भिगवणला हे मी होडीत बसून पाहिलं. उजनी धरणाच्या फुगवट्याच्या अलीकडे इंदापूर तालुका, म्हणजे पुणे. पलीकडचा काठ करमाळ्याचा, म्हणजे सोलापूर. वर थोडं सरकलं की कर्जत, म्हणजे अहिल्यानगर. कुंभारगावातून पहाटे होडी निघाली. रोहितांचा थवा उथळ पाण्यात माना घालून उभा होता. तो आमच्याच बाजूला, त्याची चिंता नव्हती. पण पट्टकादंब हंस पलीकडच्या गवताळ काठावर चरत होते. हिमालय ओलांडून आलेल्या त्या पाहुण्यांचा जिल्हा कोणता? डॉक्टरांचं मत, आपण पुण्यात आहोत आणि डोळा पुण्यात आहे, म्हणून पक्षी पुण्यात. सरांचं मत, डोळ्याला जिल्हा नसतो. अमेरिकेतल्या यादीवाल्यांच्या नियमातही पक्षी हद्दीत लागतो, बघणारा बाहेर असला तरी चालतो, असं मी सांगितलं. सर माझ्याकडे पहिल्यांदाच कौतुकानं बघून हसले. मग काय, तासभर होडी मध्यावर थांबवून आम्ही हंसांची वाट पाहिली. शेवटी पाच हंस उठले, आमच्या डोक्यावरून वळसा घालून पुन्हा सोलापुरात उतरले. वळसा पुरेसा होता. तिघांनी टिकमार्क केली.

होडी चालवणारे दादा हे सगळं बिडी ओढत ऐकत होते. त्यांच्या आजोबांचं शेत या पाण्याखाली गेलं, वडील मासेमारीला लागले आणि आता थंडीत मासे कमी, पर्यटक जास्त. या पाण्यावर त्यांच्याइतके पक्षी आम्हा चौघांनी मिळून पाहिले नसतील. “तुमची यादी किती?” मी विचारलं. “सीझनला शंभर-सव्वाशे फेऱ्या,” ते म्हणाले. मग माझा चेहरा पाहून, “पक्ष्यांची व्हय? ती कशाला ठेवायची? त्ये येत्यातच की.”

हा खेळ आपल्याकडचाच आहे, असं मुळीच नाही. अमेरिकेत त्याला ‘बिग इयर’ म्हणतात आणि तिकडे तो वेडाच्या हद्दीपर्यंत जातो. १९७३ साली केन कॉफमन नावाचा पोरगा रस्त्यात अंगठा दाखवत, मिळेल त्या गाडीनं देशभर हिंडला आणि अगदी थोडक्यात हरला. १९९८ साली तर सँडी कोमिटो, अल लेव्हांटिन आणि ग्रेग मिलर या तिघांची एकाच वर्षात अशी जुंपली, की त्यावर आधी पुस्तक आलं आणि २०११ मध्ये हॉलीवूडचा सिनेमा. कोमिटोनं ७४५ जातींची नोंद केली. २०१५ मध्ये नोआ स्ट्रायकर एक पाठपिशवी घेऊन ४१ देश फिरला, ६,०४२ जाती पाहिल्या. आधीचा जागतिक विक्रम मोडणारा पक्षी त्याला आपल्या केरळात, तट्टेकाडच्या जंगलात मिळाला. बेडकासारख्या रुंद तोंडाचा, वाळक्या पानासारखा दिसणारा श्रीलंकन फ्रॉगमाउथ. पुढच्याच वर्षी एका डच तरुणानं स्ट्रायकरला मागे टाकलं. मला या गोष्टी वाचायला आवडतात, पण त्यांत एक वाटतं. विमानं फार आहेत आणि मिसळ नाही.

आपल्या दख्खनची एक जुनी यादी केली तीही दोघांनीच, डेव्हिडसन आणि वेंडन यांनी. १८७८ साली पक्षिशास्त्रज्ञ ह्यूमच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात ती छापली गेली. फरक एवढाच, की तेव्हा पक्षी मारून नोंदवत. हातात दुर्बीण नाही, बंदूक. यातला डेव्हिडसन पुढं खानदेशात गेला आणि तिथं त्यानं रानपिंगळ्याचे नमुने गोळा केले. हा पिंगळा पुढच्या गोष्टीत येतो आणि ती गोष्ट सर प्रत्येक नवख्याला सांगतात. मलाही सांगितली, पण मी चूक केल्यानंतर.

चूक अशी. ऑक्टोबरात सासवडच्या माळाकडं जाताना धावत्या गाडीतून मला तारेवर नीलपंख दिसला. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो. पण त्या दिवसांत युरोपीय नीलपंखही आफ्रिकेकडे जाता जाता आपल्याकडून जातो आणि एव्हाना मीही सुरू केलेल्या यादीत तो नव्हता. हा जरा जास्तच निळा वाटला. मी लिहून टाकला. संध्याकाळी चहावर ताईंनी माझी वही चाळली. “छाती कसली होती? विटकरी, की निळी?” मला आठवेना. छाती मी पाहिलीच नव्हती. पाहिली होती ती एक जागा रिकामी असलेली माझी यादी. ताई काही बोलल्या नाहीत, वही परत दिली. मी रात्री ती ओळ खोडली. दुसऱ्या दिवशी सरांनी गोष्ट सांगितली.

रानपिंगळा हे वीतभर घुबड शास्त्राला १८७३ पासून ठाऊक. जगभरच्या संग्रहालयांत मिळून त्याचे सातच नमुने आणि १८८४ नंतर कुणी ते पाहिल्याचा पुरावा नाही. अपवाद एक. रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या नामवंत ब्रिटिश कर्नलनं १९१४ साली गुजरातेत मांडवीला नमुना मिळाल्याची नोंद केलेली. एवढा मोठा माणूस, कोण शंका घेणार? पक्षी शोधणारे त्या बाजूला शोधत राहिले, मिळेना. नव्वदच्या दशकात पामेला रासमुसेन या संशोधिकेनं तो नमुना उलगडून पाहिला. आतली शिलाई वेगळीच सांगत होती. तो मुळात डेव्हिडसननं खानदेशात मिळवलेला पिंगळा होता. कर्नलनं तो संग्रहालयातून चोरला, नव्यानं भरला आणि खोटी चिठ्ठी लावली. मांडवीची नोंद खोटी ठरल्यावर रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी जुन्या खऱ्या जागा गाठल्या. २५ नोव्हेंबर १९९७ ला सकाळी शहाद्याजवळ, आपल्या सातपुड्याच्या पायथ्याला, निष्पर्ण झाडावर रानपिंगळा बसलेला होता. एकशे तेरा वर्षांनी. नंतर तो मेळघाटात सापडला, आणि मुंबईजवळ तानसालाही.

“त्यानं एक खोटी ओळ लिहिली,” सर म्हणाले, “आणि लोक चुकीच्या जिल्ह्यात शोधत बसले.” माझ्या नीलपंखाबद्दल अवाक्षर नाही.

या खेळाला पंच नाही. ई-बर्डवर अनोखी नोंद टाकली तर तिथले स्वयंसेवक फोटो मागतात, वर्णन मागतात, पण नेहमीच्या पक्ष्याला कोण विचारतो? झुडपातून क्षणभर दिसलेल्या पक्ष्याला साक्षीदार कोण? बहुतेक वेळा तुमचाच प्रतिस्पर्धी. आणि तो हजर नसेल तर तुमचा शब्द. नोव्हेंबरात सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात हे फार जवळून बघितलं. जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं गवताळ रान. चिंकारे, चंडोल, धाविक आणि संध्याकाळी गवतात मुक्कामाला उतरणारे भोवत्ये. भोवत्याचा नर ओळखणं सोपं. मादी आणि पोरं म्हणजे डोकेदुखी. माँटेग्यूची मादी आणि फिकट भोवत्याची मादी यांत गळ्यामागच्या फिकट पट्ट्याचा काय तो फरक, तोही कलत्या उन्हात, उडत्या पक्ष्यावर. डॉक्टरांना फिकट हवा होता, सरांना तो आधीच मिळालेला. एक मादी गवतावरून तरंगत आली. डॉक्टर श्वास रोखून पाहत होते. सर मागून म्हणाले, “पट्टा आहे, मी पाहिला. लिही.” डॉक्टर दुर्बीण खाली न करता म्हणाले, “मी नाही पाहिला, सर.” आणि लिहिला नाही. त्यावर काय बोलावं ते सरांना कळलं नाही, मलाही. नऊ दिवसांनी डॉक्टर एकटे परत गेले, पट्टा पाहिला आणि पहिला फोन सरांना केला. दवाखान्यात पेशंट तोंड उघडून बसलेला असताना मेसेज टाकणारे हे गृहस्थ. यांना मिळालेला पक्षी समोरच्याला सांगितल्याशिवाय पचत नाही. सांगितला, की समोरच्याचा आकडा वाढतो, हे ठाऊक असूनही.

पावसाळा मात्र सगळ्यांना सारखा नाडतो. जूनमध्ये आफ्रिकेहून चातक येतो, नवरंगाची दोन सुरांची शीळ कात्रजच्या रानात घुमते, आठवडाभर धमाल असते. मग जुलै-ऑगस्ट खाडा. आम्ही ताम्हिणीला गेलो ते तिबोटी खंड्याच्या आशेनं. मुठीत मावेल एवढा, जांभळा-केशरी, पावसात कोकणातल्या ओढ्याकाठी मातीत बीळ करणारा. मिळाला. धारेखाली भिजत, ओल्या दगडावर बसलेला, दहा फुटांवर. ताईंनी फोनमधला नकाशा काढला आणि तो न बोलता आमच्यासमोर धरला. आम्ही रायगडात होतो. माणगाव तालुका. पक्षी तिथंच बसून राहिला, आणि आम्हीही. यादीत नसलेला पक्षी इतका वेळ पाहिल्याचं मला त्या वर्षात दुसरं उदाहरण आठवत नाही.

लोक विचारतात, याचा उपयोग काय? उपयोग आहे, पण तो या तिघांनी योजलेला नाही. २०२३ साली देशातल्या पक्ष्यांची स्थिती सांगणारा जो अहवाल आला, त्यात ९४२ जातींचा आढावा होता आणि तो उभा होता सुमारे तीस हजार हौशी लोकांनी टाकलेल्या तीन कोटी नोंदींवर. चिमणी समजतो तितकी संपलेली नाही, मोर वाढलेत आणि नीलपंख, दसऱ्याचा नीलपंख, देशभर कमी होतोय, हे त्यातून कळलं. यात डॉक्टरांच्या नोंदी आहेत. सरांच्या वह्या नाहीत. त्या ई-बर्डवर चढवायचं काम ताईंनी हाती घेतलंय, सध्या २०१७ चा मार्च चालू आहे. वहीत मात्र दुसरंही काही असतं. ‘सासवड माळ, पखुर्डी ६’, पुढच्या वर्षी ‘पखुर्डी ४, प्लॉटिंगचे दगड’, त्याच्या पुढच्या वर्षी ‘कुंपण. आत जाता येत नाही’. पुरंदरात आता विमानतळाची चर्चा आहे. माळ म्हणजे पडीक जमीन, असं सरकारी कागद म्हणतात. धाविक त्या पडीक जमिनीवर उघड्यावर अंडी घालतो.

३१ डिसेंबर २०२४. डॉक्टर २४१, सर २४०, ताई २२८, मी १३६. सरांना राहिलं होतं ते गव्हाणी घुबड. घुबडासारखं घुबड, शहरातलं, पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या माळ्यावर राहणारं, आणि वर्षभर नेमकं ते चुकलेलं. डॉक्टरांनीच जागा सांगितली. नियम मोडून. (कोणती ते मी सांगणार नाही, तो नियम मला लागू आहे.) रात्री अकरापासून आम्ही चौघं एका बोळात, बंद वाड्यासमोर, थर्मासातला चहा पीत उभे. एका आजींनी खिडकीतून दोनदा विचारलं, कोण पाहिजे. सर म्हणाले, “घुबड.” खिडकी बंद झाली.

पावणेबारा. माळ्याच्या फुटक्या झरोक्यात काहीतरी पांढुरकं हललं, पण हलणं म्हणजे दिसणं नव्हे. सर दुर्बीण लावून पुतळ्यासारखे. तेवढ्यात कुणा उतावळ्यानं कोपऱ्यावर पहिली फटाक्यांची लड लावली आणि त्या धडधडाटात ते घुबड बाहेर पडलं. आवाज नाही, फडफड नाही. बदामी चेहरा एकदा आमच्याकडे वळला, दिव्याच्या उजेडात पंखांचं खालचं पांढरं दिसलं आणि नदीच्या दिशेला अंधार झाला.

मग चारी बाजूंनी फटाके सुरू झाले.

“अकरा एकोणसाठ,” डॉक्टर म्हणाले. “बरोबरी.”

“बारा वाजले होते,” सर म्हणाले.

“सर, लड आधी लागली. लोक आता वाजवतायत.”

“अरे, माझं घड्याळ बारा वाजून गेल्याचं दाखवतंय.”

“तुमचं घड्याळ पुढे असतं. शाळेत असल्यापासून.”

“म्हणूनच तू कधी उशिरा आला नाहीस.”

मला विचारलं गेलं. मी वर बघत होतो, मनगटाकडे नाही. ताईंच्या फोनवर आता बारा वाजून दोन मिनिटं. लड कधी लागली याची नोंद कुठल्याच ॲपवर नव्हती. डॉक्टर ऐकेनात, सर ऐकेनात. प्रत्येकाला समोरच्याचं खरं करायचं होतं. थंडीत, धुरात, सव्वाबारापर्यंत. ताईंनी पिशवीतून कोरी वही काढली, नव्या वर्षाची, आणि पहिल्या पानावर ‘१’ लिहून पुढं ‘गव्हाणी घुबड’ लिहिलं. तिघांच्याही नावे. मग त्या सरांकडे वळून म्हणाल्या, “तुमचा जुना नियम आहे ना?”

संक्रांतीनंतर मी त्यांच्याबरोबर तांबट आळीत गेलो. ठाकठोक आवाजात बोलणं ऐकू येत नव्हतं. समोरच्या पिंपळावर खरा तांबट टुक-टुक करत होता आणि खाली माणसं तांब्यावर तेच करत होती. नाव घालणाऱ्यानं तांब्या फिरवून पाहिला. डॉक्टरांनी कागद दिला. ‘२०२४ डॉ. २४१, सर २४०½’. त्यानं कागद दोनदा वाचला.

“हा अर्धा काय आहे?”

“पक्षी,” सर म्हणाले.

त्यानं खिळा टेकवला, हातोडी उचलली, मग थांबून म्हणाला, “पैसे पुऱ्या अक्षराचेच पडतील.”